वरकुट्याची पाटी

आमच्या पुढच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटांशेजारी चार दगडी पाट्या टांगलेल्या आहेत. चारही भिंतीकडे तोंड करून. नवा माणूस आला की हमखास एखादी सुलटी करायला जातो. त्याला वाटतं, चुकून उलटी लागली. माझी पत्नी असती तर तिने हसत त्याला अडवलं असतं आणि म्हटलं असतं, "राहू द्या, ती लाजते."

ती शिक्षिका होती. इंदापूर तालुक्यातल्या शाळांमध्ये तिची नोकरी झाली. निवृत्तीनंतर आम्ही बारामतीत कालव्याच्या बाजूला घर केलं, तेव्हा तिने स्वतःच्या पुस्तकांचं वाचनालय सुरू केलं. बाहेर फलक नाही, वर्गणी नाही. बाजाराच्या दिवशी गावाकडच्या बायका बारामतीला येतात. भाजी, औषधं, शिवायला टाकलेले ब्लाउज अशी कामं उरकली की त्यांतल्या काही आमच्याकडे डोकावत. बहुतेक तिच्या जुन्या विद्यार्थिनी, नाहीतर विद्यार्थ्यांच्या आया. येताना एक पुस्तक, जाताना एक पुस्तक. सगळ्या पुस्तकांना तिने सारखीच खाकी कव्हरं घातली होती, शाळेच्या वह्यांना घालतात तशी, आणि वर फक्त आकडा. कव्हराने पुस्तक टिकतं, असं ती सांगे. खरं कारण वेगळं होतं. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला किंवा घरी सासूला ते पुस्तक लोणच्यांचं आहे, कायद्याचं आहे, की बायकांच्या दुखण्यांचं, हे कळू नये.

पाट्यांचंही तसंच. एका गावाला एक पाटी: बारामती, कोऱ्हाळे, कळस, वरकुटे. पाटीवर नेणारीची खूण आणि पुस्तकाचा आकडा. नाव नाही, खूणच: 'जुळ्यांची आई', 'हसरी', 'विहिरीपलीकडची'. पुस्तक परत आलं की ओल्या फडक्याने ओळ पुसून टाकायची. मागे काही उरत नसे.

मी कॉलेजात शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे. नोंदी ठेवायची मला सवय. एकदा तिला म्हटलं, "अगं, कुणी काय काय वाचलं याची नोंद राहिली तर केवढा उपयोग होईल."

ती फडकं पिळत होती. म्हणाली, "कुणाला?"

मग तिने पाटीवरची एक ओळ पुसून टाकली.

दिवाळीनंतर ती गेली. आजार थोड्याच दिवसांचा होता, आणि तिच्या इतर गोष्टींसारखा तोही तिने फार कुणाला सांगितला नव्हता. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. ते मला अजून जमत नाही.

दुखवट्याच्या दिवसांत बायका येत होत्या. कुणाच्या पिशवीत भाकरी-पिठलं, कुणाच्या पिशवीत पुस्तक. "सर, हे बाईंचं माझ्याकडं राहिलं होतं," असं म्हणून पुस्तक हळूच ठेवायच्या, जणू आवाज झाला तर ती जागी होईल. मी पुस्तकं टेबलावर रचत गेलो. पाटीवरच्या ओळी मात्र पुसल्या नाहीत. ते तिचं अक्षर होतं. तिचं अक्षर माझ्याकडे भरपूर आहे, डब्यांवरच्या चिठ्ठ्यांपासून कॅलेंडरच्या चौकोनांपर्यंत. पण हे शेवटचं होतं. आणि पाटीवरच्या पेन्सिलीचा जीव तो केवढा. बाही घासली तरी जाते. झाडलोट करणाऱ्या मावशींनाही मी त्या भिंतीकडे जाऊ देत नसे.

वरकुट्याच्या पाटीवर सगळ्यांत खाली 'विहिरीपलीकडची' होती. ती एका बाजाराच्या दिवशी आली. वय तिशीच्या आतलं, डोक्यावर पदर, हातात मेथीच्या जुड्या. दारातच उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"सर, पाटीवरचं माझं पुसलं का?"

"पुस्तक आणलंय का?"

"न्हाय. अजून लागतंय मला." तिने मागे वळून फाटकाकडे पाहिलं. "बाईंनी तुमाला सांगितलं आसंल."

"ती मला काही सांगत नसे," मी म्हटलं. ते खरं होतं.

तेव्हा तिने स्वतःच सांगितलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा बारावीचा निकाल लागायचा होता. पोरगी बारावी आहे, असं तिच्या वडिलांनी बैठकीत सांगितलं. निकाल लागला तेव्हा पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि तिचं इंग्रजी राहिलं होतं. "मग कुणी कुणाला सांगायचं सर? अंगाला हळद लागल्याली." त्यानंतर सासऱ्यांनी सगळ्या भावकीत आणि पाहुण्यारावळ्यांत सांगायला सुरुवात केली, आमची सून बारावी हाय. अजून सांगतात. "आबा सांगाय लागलं की मी उठून आत जाते. परवा तर दुधाच्या डेअरीवर सांगितलं. तितल्या माणसानं इचारलं बी नव्हतं."

पत्नीने तिला राहिलेल्या विषयाचा फॉर्म भरायला लावला होता. परीक्षेचं केंद्र माहेरच्या बाजूला होतं, म्हणजे जाण्याला निमित्त होतं. इंग्रजीचं मार्गदर्शक पुस्तक खाकी कव्हरात घालून दिलं होतं.

"बाई म्हणल्या, आबांचं बोलणं आपण खरं करून टाकू," ती म्हणाली. "पास झाले की मीच सांगणार हाय घरी. पर आदी कळलं तर माझ्या बापाला खोटारडा म्हणत्याल. नवऱ्याला सुदीक न्हाय सांगितलं. पुस्तक ऱ्हाऊ द्या माझ्याकडं, पर पाटीवरचं तेवढं पुसा."

"पुसतो," मी म्हटलं.

ती गेल्यावर फडकं भिजवून आणलं. पाटी सुलटी केली. 'विहिरीपलीकडची' मधला 'च' वर्गातल्या फळ्यावर काढावा तसा गोल, सावकाश काढलेला होता. मी पाटी पुन्हा उलटी लावली. भिंतीकडे तोंड आहे, कोण बघतंय, असं स्वतःला सांगितलं.

मग मी एक सभ्य कारण शोधलं. सगळं संगणकावर नेऊ. एकदा तिकडे गेलं की पाट्यांची गरज उरणार नाही, आणि गरज नसलेली पाटी कुणी पुसत नाही. कारण अगदीच खोटंही नव्हतं. कुठल्या आकड्याचं पुस्तक कुठलं, हे फक्त तिच्या डोक्यात होतं. मला प्रत्येक वेळी कव्हर उघडून बघावं लागत होतं.

आमची मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी फोनवर हे सांगितल्यावर ती डॉक्टरने निदान करावं तशी म्हणाली, "बाबा, तुम्हाला डेटाबेस हवाय." आणि तिने तीन साधनं सुचवली, ज्यांतून आपल्याला हवा तसा डेटाबेस बनवता येतो.

पहिलं वाचनालयांसाठी तयार केलेलं होतं आणि फुकट होतं. उघडल्याबरोबर त्याने वाचकाचा फोटो, जन्मतारीख आणि पत्ता मागितला.

"पुस्तक न्यायला जन्मतारीख कशाला?" मी विचारलं.

"फुकट आहे ना बाबा. मग ते असंच मागतात."

मी त्याच्या अटी छापून आणल्या आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसलो. मुलगी हसत होती. "जगात ते पूर्ण वाचणारे तुम्ही पहिले असाल. लिहिणाऱ्यानेसुद्धा वाचलं नसेल." पण मधल्या एका पानावर वाक्य सापडलं, की ही माहिती आम्ही आमच्या भागीदारांना देऊ शकतो. भागीदार म्हणजे कोण, हे कुठेच नव्हतं. मुलीला विचारलं. ती म्हणाली, "कोणीही." ते साधन तिथेच बाद झालं.

दुसरं तिचं आवडतं. इंटरनेटवर चालणारं. खेळण्यातले ठोकळे जोडावेत तसे रकाने जोडायचे, की काम झालं. मुदत संपली की वाचकाला मेसेजही आपोआप जातो. आपली सगळी माहिती मात्र त्या कंपनीच्या यंत्रांवर राहते.

"पण कुलूप चांगलं आहे," मुलगी म्हणाली.

"किल्ली कुणाकडे?"

"एक तुमच्याकडे. एक हवी तर माझ्याकडे."

"आणि त्यांच्याकडे?"

"तशी असते एक त्यांच्याकडे. पण ते उघडत नाहीत."

"उघडत नाहीत, की उघडू शकत नाहीत?"

"बाबा, तुम्ही डेटाबेस निवडताय का जावई?"

"जावई निवडताना एवढ्या अटी छापलेल्या मिळत नाहीत."

तिसरं साधन जुन्या वळणाचं होतं. सगळी माहिती आपल्याच लॅपटॉपवर एका फाइलीत राहते, आणि परवलीचा शब्द दिल्याशिवाय ती फाइल कुणी चोरून नेली तरी त्याला निव्वळ खिचडी दिसते. मेसेज नाही, रंग नाहीत. थोड्या आज्ञा स्वतः लिहायला शिकावं लागतं. शब्द विसरलो तर मात्र आपल्यालाही खिचडीच. "दिसायला अगदी सरकारी कचेरी आहे," मुलगी म्हणाली, "पण तुमची माहिती बाहेर कुठे जात नाही."

मी दोन्ही साधनं बरेच दिवस शेजारी शेजारी ठेवून पाहिली. तिसऱ्याचं सगळं पटत होतं. तरी मन दुसऱ्याकडे ओढलं, आणि ते एकाच गोष्टीमुळे: ते मेसेज पाठवू शकत होतं, आणि कुठल्या फोनवरून पाठवायचे ते आपण ठरवायचं होतं. पत्नीचा फोन मी अजून रोज चार्ज करत होतो. बायकांना तिचाच नंबर माहीत होता. मुलगी एका रविवारी आली तेव्हा तिने तो फोन त्या साधनाला जोडून दिला. जोडताना आम्ही दोघंही काही बोललो नाही. मेसेजच्या खात्याला तिचा हसरा फोटो होता, शाळेच्या निरोपसमारंभातला, केसांत अबोलीचा गजरा.

चाचणीसाठी एक नोंद करायची होती. कळस, कोऱ्हाळे, बारामतीची पुस्तकं परत आली होती. बाहेर असलेलं एकच, वरकुट्याचं. साधनाने नाव मागितलं. मी 'विहिरीपलीकडची' लिहिलं. मोबाईल मागितला. पत्नीच्या फोनमध्ये बघितलं, तर तिथेही माणसांची नावं कमी आणि गावंच जास्त: 'कोऱ्हाळे', 'कळस', 'कळस दुसरी'. वरकुट्याचा एकच नंबर होता. तो विहिरीपलीकडचीचाच असणार, असं धरून मी भरला. पुस्तकाचं नाव भरलं, दिल्याची अंदाजाची तारीख भरली, बटण दाबलं.

ते साधन पुस्तकाची मुदत स्वतःच धरून चालत होतं, हे मला माहीत नव्हतं. टेबलावर पत्नीच्या फोनने मेसेज जातानाचा तो बारीक आवाज केला. किती दिवसांनी ऐकला. मी तिथेच, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, उभा राहिलो. मला बरं वाटलं, हे खरं आहे.

मुलीला फोन करून सांगितलं, चाललं.

"मेसेजमध्ये काय गेलं?"

मी वाचून दाखवलं. "नमस्कार, विहिरीपलीकडची. आपण नेलेले 'बारावी इंग्रजी मार्गदर्शक' हे पुस्तक परत करण्याची मुदत संपली आहे."

"पुस्तकाचं नावसुद्धा गेलं?" तिचा आवाज बदलला. "बाबा, तो नंबर तिचाच आहे ना?"

मी कुलूप तपासलं, किल्ल्या तपासल्या, भागीदार तपासले, आणि फोन कुणाच्या खिशात असतो हे विचारलंच नव्हतं. खेड्यातल्या घरात बाईचा नंबर म्हणून जो दिला जातो तो पुष्कळदा नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी मी ते साफ विसरलो, कारण रकान्यावर 'वाचकाचा मोबाईल' असं लिहिलेलं होतं.

त्या नंबरावर फोन करून विचारावं, असं मनात आलं. पण उचललाच दुसऱ्या कुणी, तर काय बोलणार होतो? पाठवलेला मेसेज मागे घेता येतो का, तेही शोधलं, येत नव्हता. बाजाराचा दिवस येईपर्यंत मी नुसता वाट बघत राहिलो. पुस्तक हातात धरायचो आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचो.

बाजाराच्या दिवशी ती आली नाही. एक म्हातारे गृहस्थ आले. तांबडं मुंडासं, धुतलेलं धोतर, खांद्यावर हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंडी. फाटकाशी थांबून त्यांनी हाक दिली.

"बाईंचं घर हेच न्हवं?"

"हो. या ना."

"आमी वरकुट्याचं." त्यांनी पेंडी पायरीवर ठेवली. "बाई गेल्याचं कळलं तवाच येणार हुतो. ऊस कारखान्याला चालला हुता. ऱ्हायलं."

विहिरीपलीकडचीचे आबा हेच असणार, आणि मला पुढचं ऐकायची भीती वाटत होती. मी पाणी आणलं, चहा ठेवला. आबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. पूर्वी घरची मेंढरं होती, ती घेऊन कोकणापर्यंत गेलेलो आहोत, आता पाणी आलं तसा ऊस आणि डाळिंब आहे, असं काहीबाही सांगत राहिले. चहा बशीत ओतून प्यायले. मग बंडीच्या आतल्या खिशातून, दोन रुमालांत गुंडाळलेला फोन काढला.

"सर, एक इचारू का? हसू नका."

"विचारा की आबा."

"बाईंचा मेसेज आलाय मला."

मी कप खाली ठेवला.

"मला वाचाय येत न्हाय. पर फोटो वळखतो. माज्या फोनात समदी फोटोवरच हायती. ह्यो बघा, डाळिंबाचा व्यापारी. ही माजी भन. आन् ह्या बाई. बाईंचा फोटो वर आला, आन् खाली ही मुंगळ्यांची रांग." त्यांनी आवाज बारीक केला. "बाईंला जाऊन दोन-अडीच म्हैनं झालं. म्या घरात कुणाला दावला न्हाय. पोराला न्हाय, सुनंला न्हाय. चार दीस नुसता खिशात घिऊन फिरतूय. बाई काय म्हणत्यात तेवडं वाचा."

फोन माझ्या हातात आला. तिचा फोटो, अबोलीचा गजरा, आणि खाली ते वाक्य. 'बारावी' हा शब्द मला बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठा दिसला. माझ्यासमोर बसलेला माणूस डेअरीवर न विचारता सांगणारा माणूस होता.

काहीतरी खोटं वाचून दाखवणं सोपं होतं. तब्येत सांभाळा, असं काही. पण तिच्या फोटोखाली खोटं वाचायला माझी जीभ वळेना.

"आबा, हा मेसेज तिने पाठवलेला नाही," मी म्हटलं. "मी पाठवला. तिचा फोन मी संगणकाला जोडला, वाचनालयाच्या कामासाठी. मला त्यातलं फारसं कळत नाही. चुकून तुमच्याकडे गेला. तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

"म्हंजी बाई न्हाईत ह्यात."

"नाहीत."

त्यांनी दोन्ही रुमालांची मांडीवर घडी घातली. त्यांना सुटल्यासारखं वाटलं की वाईट वाटलं, ते मला कळलं नाही. मलाही दोन्ही वाटत होतं.

"मग लिवलंय काय?"

"एक पुस्तक परत यायचंय, एवढंच."

"आमच्या घरनं? मग सुनंनं न्हेलं आसंल. लई वाचती. बारावी हाय ती."

"हो का," मी म्हटलं.

"कुटलं पुस्तक?"

"आबा, ते आम्ही कुणाला सांगत नाही. कुणी काय नेलं, ते दुसऱ्याला सांगायचं नाही असं आमच्या वाचनालयाचं आहे. घरच्यांनाही नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं. उलट ते पुढे सरकले.

"बाई बी न्हाय सांगायच्या का?"

"कुणालाच नाही."

"तुमाला?"

"मलाही नाही."

"माजं काय सांगितलं त्येंनी तुमाला?"

"तुमचं? तुमचं काय?"

"मी आलतो बाईंकडं. मागं. हितंच बसलो हुतो. एक भानगड हुती माजी." ते माझा चेहरा निरखत होते, बाजारात जनावराचे दात बघावेत तसे. "म्हंजी तुमाला ठावंच न्हाय?"

"नाही, आबा."

"कदी बोलता बोलता, जेवताना?"

"कधीच नाही."

त्यांनी एवढा लांब श्वास सोडला, की बशीतला उरलेला चहा हलला. आता मला सगळं समजलं. पत्नीच्या फोनमधला 'वरकुटे' म्हणजे सून नव्हती, हे होते. त्यांची जी काही भानगड होती ती घेऊन ते स्वतः तिच्याकडे आले होते, आणि तिने त्यांचाही नंबर गावाच्या नावाखाली लपवून ठेवला होता. बाईंचा मेसेज आला म्हणताच त्यांना वाटलं असणार, की आपलंच काहीतरी बाहेर पडलं. म्हणून घरात कुणाला दाखवला नाही. ती भानगड काय होती, ते मला आजही माहीत नाही. चाळीसच्या आसपास वर्षं मी तिच्याबरोबर जेवलो, आणि तिच्या मनात किती माणसं निर्धास्त बसलेली होती याचा मला पत्ताही नव्हता.

"न्हाय ना ठाऊक? मग झालं," आबा म्हणाले, आणि एकदम मोकळं हसले. "आता ह्ये पुसून टाका. मुंगळं तेवडं. फोटू ऱ्हाऊ द्या."

मी मेसेज पुसला. फोटो राहिला. त्यांना दाखवला. त्यांनी फोन पुन्हा दोन रुमालांत गुंडाळला. जाताना फाटकातून वळून म्हणाले, "सुनंला सांगतो, पुस्तक दिऊन ये म्हणून."

"नका सांगू. घाई नाही. वाचू द्या तिला."

"बरं. न्हाय सांगत." थोडं चालून गेल्यावर पुन्हा वळले. "आन् मी आलतो हे बी!"

"नाही सांगणार."

त्या दिवशी मी दुसऱ्या साधनातली नोंद काढून टाकली आणि पत्नीचा फोन सोडवला. मुलीला विचारलं, काढलं म्हणजे गेलं ना? ती म्हणाली, "तुमच्या समोरून गेलं. त्यांच्याकडच्या प्रतींतून कधी जातं, ते अटींत असेल." मी बघितलं. 'योग्य कालावधीत', असं होतं. मी तो कागद बराच वेळ हातात धरून होतो. ओलं फडकं किती पटकन काम करतं, हे मनात येत होतं.

मग तिसरं साधन घेतलं. त्यात फक्त पुस्तकं भरली: आकडा, नाव, लेखक, कुठलं कपाट, कुठला कप्पा. लॅपटॉपवर बसून आज्ञा लिहायला शिकलो. चुका केल्या, मुलीने फोनवरून दुरुस्त केल्या. परवलीचा शब्द काय ठेवला ते तिलाही सांगितलेलं नाही. तो लिहून बंद पाकिटात ठेवला आहे, माझ्यानंतर तिने उघडावा म्हणून. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, वाचकांचा तक्ता कुठाय?"

"नाही केला."

"मग कुणाकडे काय गेलं ते कसं कळणार?"

"पाट्या आहेत की."

मग ती म्हणाली, "आमच्या ऑफिसात यावर मीटिंगा चालतात, बाबा. कुठली माहिती ठेवायचीच नाही, यावर. आई ते फडक्याने करत होती." 

पण पाट्यांवर जागा नव्हती. नव्या ओळी लिहायच्या तर जुन्या पुसायला हव्या होत्या. कळसची पुसली, मग कोऱ्हाळ्याची, मग बारामतीची. एका बैठकीत जमलं नाही. मधे मधे बाहेर जाऊन अंगणात उभा राहून आलो. वरकुट्याची तशीच ठेवली. तिचं पुस्तक आलं नव्हतं. हे कारण मात्र यावेळी खरं होतं.

उन्हं तापायला लागली होती तेव्हा विहिरीपलीकडची आली. यावेळी आत येऊन बसली. पिशवीतून खाकी कव्हराचं पुस्तक काढलं. कोपरे दुमडलेले, पाठीला हळदीचा डाग.

"झाली परीक्षा, सर."

"कशी गेली?"

"निबंध बरा लिवला. पत्र बी. बाकी निकाल लागल्यावर." ती नखाने कव्हरावरचा डाग खरवडत होती. "निकालाला अजून येळ हाय. आबा अजून सांगत्यातच." हसली. मग म्हणाली, "आबा काल म्हणत हुते, बारामतीत सरांकडं चहा लई भारी आसतो. आबा कदी आलते का हितं?"

मी उठून पाटी काढत होतो. "बाजाराच्या दिवशी बरेच लोक येतात," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबलं. "बाईंसारखंच कराय लागला तुमी."

फडकं भिजवून आणलं. पाटी मांडीवर घेतली. तिच्यासमोर. मावशी दारात झाडू घेऊन थबकल्या होत्या, त्यांना वाटलं मला काही होतंय. 'विहिरीपलीकडची' वरून फडकं एकदा फिरवलं. 'च' सगळ्यांत शेवटी गेला. खाली काळाभोर दगड होता, नुकता धुतलेला.

"आता काय वाचायला देऊ?"

"आता गोष्टीचं द्या. अभ्यासाचं नको."

संगणकावर कप्पा बघून पुस्तक काढून दिलं. मग पेन्सिल हातात घेतली, तिची खूण लिहायला. ओल्या दगडावर पेन्सिल उमटेना.

"वाळू द्या की सर," ती म्हणाली आणि पदराने वारा घालायला लागली.

मी चहा ठेवायला आत गेलो.